मावशीला सून आहे

आमच्या ऑफिसात एक बाई चार वर्षं भिंतीवर राहत होती. वय अडुसष्ट. गुडघे दुखतात, जवळचं नीट दिसत नाही, फोन वापरते पण भीत भीत. चेहरा हसरा. तो फोटो विकणाऱ्या एका साइटवरून घेतलेला, कारण दुखऱ्या गुडघ्यांची बाई इतकी प्रसन्न हसताना प्रत्यक्षात कुणाला सापडली नव्हती. फोटोखाली तिचं वाक्य होतं, ‘चुकीचं बटण दाबलं तर काय होईल याचीच धास्ती वाटते.’ तिला सगळे मावशी म्हणायचे.

आमच्या धंद्यात हिला पर्सोना म्हणतात. ज्यांच्यासाठी ॲप करायचं अशा पाच-पंचवीस माणसांशी बोलायचं, त्यांच्या अडचणी गोळा करायच्या आणि त्यांतून एक माणूस उभा करायचा. कागदावरचाच, पण खरा वाटेल असा. मग काम करताना ‘लोकांना काय आवडेल’ असं मोघम बोलायचं नाही, ‘मावशीला हे जमेल का’ असं विचारायचं. कल्पना चांगली आहे. मी आजही चांगलीच म्हणेन. सुरीसुद्धा चांगलीच असते.

डोळ्यांच्या एका मोठ्या रुग्णालयासाठी आम्ही तपासणीचा नंबर लावायचं ॲप केलं, तेव्हा मावशी भिंतीवर आली. “एवढं मोठं बटण कशाला? अर्धी स्क्रीन खातंय,” असं इंजिनीअर म्हणाला, की आमची छोटी मान वर न करता म्हणायची, “मावशीला दिसायला नको?” विषय संपला. छोटी म्हणजे आमच्यातली सगळ्यांत तरुण डिझायनर. रीतसर कॉलेजात शिकून आलेली, हुशार, आणि मावशीवर सख्ख्या भाचीसारखा जीव टाकणारी. इंजिनीअरही कमी नव्हता. आठवड्याचं काम टाळायचं असलं की तोच म्हणायचा, “इतके पर्याय दिले तर मावशी गोंधळेल.” एकाच सकाळी मावशीला एकच गोष्ट हवी असायची आणि नकोही असायची. तिच्या खांद्यावर बंदूक ठेवून जो तो आपापली शिकार करायचा, आणि ती हसत राहायची.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सहज विचारलं, “काय रे, मावशी राहते कुठे?”

छोटी म्हणाली, “चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. एक मांजर आहे.”

इंजिनीअर म्हणाला, “छे, बैठं घर आहे तिचं. आणि हट्टी आहे. एक गोष्ट दहादा सांगावी लागते, वर म्हणते तूच नीट सांगत नाहीस.” हे त्याच्या आईचं वर्णन होतं. फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

दादा म्हणाला, “मावशी म्हणजे तिसऱ्या स्लाइडवरची ना? निळ्या चौकटीतली?”

दादा आमचा प्रमुख. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, पण मीही त्याला दादाच म्हणते. ऑफिसात नाती वयावरून नाही, खुर्चीवरून लागतात. तो मला ताई म्हणतो, त्यामुळे हिशोब बरोबर होतो.

मावशी घडवली मी. मी काही डिझाइन शिकलेली बाई नाही. छपाईच्या दुकानात पावतीपुस्तकं आणि औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं जुळवत बारा वर्षं काढली. दुकान बंद पडलं तेव्हा दुपारी घरी बसून, फुकटातले धडे बघत, स्क्रीनचं काम शिकले. या ऑफिसात लागले तेव्हा चाळिशी उलटली होती आणि आजूबाजूची पोरं जे शब्द बोलायची त्यांतले निम्मे मी रात्री वहीत लिहून ठेवायची. मावशीचं कार्ड हे माझं पहिलं काम, ज्याच्यावर कुणी शंका काढली नाही. उलट नव्या माणसाला भिंतीपाशी नेऊन सांगायचे, “ही आमची मावशी. ताईंनी केलीय.” त्यानंतर लोक मीटिंगमध्ये माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायला लागले. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला ही काही लहान कमाई नाही.

आता खरं सांगते. बारा जणींशी बोलायचं ठरलं होतं. बोलणं झालं पाच जणींशी. बाकीच्यांतली कुणी आजारी, कुणी गावाला, एकीने दारातूनच सांगितलं की आम्हाला काही घ्यायचं नाही. कार्ड सोमवारी द्यायचं होतं. गुडघे मी शेजारच्या बाईंकडून घेतले, धास्तीचं वाक्य एका निवृत्त शिक्षिकेचं, चष्मा सगळ्यांचाच. शेवटी एक चौकोन उरला. त्यावर छापलं होतं, ‘घरात मदत कोण करतं?’ पाच जणींना हे विचारायचंच राहून गेलं होतं. रिकामा चौकोन दिसला की आमच्या धंद्यातल्या माणसाचा हात खाजतो. मी लिहिलं, ‘सून’. अर्धा क्षणही लागला नसेल. माझ्या घरात सासू आहे, मी सून आहे, आणि कार्डांसाठी हसऱ्या कुटुंबांचे फोटो दिवसभर बघून मला वाटत असावं की मी फार मदत करते.

त्या शब्दाच्या वाटेला चार वर्षं कुणी गेलं नाही. चौकोनच कोपऱ्यात होता.

मग एका गुरुवारी दादाने नवीन स्लाइड लावली. रुग्णालयाला फोनवरून नंबर द्यायची सोय बंद करायची होती. दोन बाया दिवसभर फोन घेत बसतात, त्या दुसऱ्या कामाला लावू, आता सगळं ॲपवर. पण म्हाताऱ्या माणसांचं काय, असं त्यांच्याच एका डॉक्टरांनी विचारलं होतं. उत्तर आम्ही द्यायचं होतं. स्लाइडवर मावशी हसत होती, आणि बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मावशी एकटी नाही. तिला सून आहे.’

“बघा,” दादा म्हणाला, “आपल्या अभ्यासातच आहे. ॲप जमलं नाही तर घरातलं माणूस लावून देतं. ताईंनी चार वर्षांपूर्वीच हेरलं होतं. मानलं तुम्हाला.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय केलं? हसले. हुबेहूब भिंतीवरच्या मावशीसारखी. अंगात दिवसभराचा शिणवटा होता, संध्याकाळची बस गाठायची होती, आणि मनात म्हटलं, सोमवारी शेवटचं ठरणार आहे, तोवर बघू. मूग गिळून गप्प बसायला फार ताकद लागत नाही, म्हणून तर माणसं ते इतकं करतात.

शनिवारी मी घरी होते. नवरा बदलीच्या गावी असतो, महिन्यातून दोनदा येतो. घरात मी आणि सासूबाई. धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होते, तर स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला. फोनवर बोलत होत्या.

“हो गं बाई, डावा. उजव्याचं झालं मागच्या वर्षी... पुढच्या महिन्यातला पहिला मंगळवार? थांब हं, जरा चष्मा शोधते, कागदावर लिहून घेते... हां, सांग. दहा वाजता. आणि तू जेवलीस का? मागच्या वेळी म्हणालीस दोन वाजले तरी डबा उघडला नव्हता.”

मी हातातली चादर तशीच घेऊन दारात उभी राहिले.

“कुणाचा फोन होता, आई?”

“कुणाचा नाही. दवाखान्याचा.” त्यांनी कागदाची घडी करून डब्याखाली सरकवली. “डोळ्यांच्या.”

“डाव्या डोळ्याला काय झालं? मला बोलला नाहीत.”

“व्हायचं काय, वय झालं. धूसर दिसतं. थेंब घालतात, तपासतात, घरी पाठवतात.”

“किती वेळा गेलात?”

“झालं असेल चार-पाचदा. तू कामावर गेलीस की जाते, तू यायच्या आत परत. बस दारातूनच आहे.”

“डोळ्यांत थेंब घातलेल्या माणसाला धड दिसत नाही, आई. तुम्ही एकट्या बसने आलात?”

“कंडक्टरला सांगते, माझा थांबा आला की हाक मार. मारतो बापडा.”

मी खुर्चीत बसले. राग कुणाचा करावा कळेना, म्हणून सोयीचा केला. “तुमच्या फोनवर त्यांचंच ॲप टाकून दिलंय मी. माझ्या हाताने केलंय. चार बटणं दाबली की नंबर लागतो.”

“बघितलं की. छान आहे. अक्षरं मोठी आहेत.” सासूबाई माणसाचं मन मोडत नाहीत, हळूच वाकवतात. “पण त्याला ‘थांब, चष्मा शोधते’ असं सांगता येत नाही गं. मी चष्मा आणेस्तोवर ते परत पहिल्यापासून सुरू.”

हे खरं होतं. नव्वद सेकंदांनी बाहेर काढायचं, हे सुरक्षेसाठी मीच मान्य केलं होतं.

“मग मला सांगायचं. मी लावून दिला असता नंबर.”

त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि घडी घालायला लागल्या. दोन घड्या झाल्यावर म्हणाल्या, “तू येतेस सात-साडेसातला. चप्पल काढतेस आणि तिथेच मिनिटभर भिंतीला हात लावून उभी राहतेस. मी रोज बघते. तुझ्याकडे मागितलं तर तू करशील. नाही म्हणणारच नाहीस.” घडी माझ्या हातात दिली. “म्हणून तर मागत नाही.”

सोमवारच्या मीटिंगला मी वेळेआधी जाऊन बसले. दादा आला, छोटी आली, इंजिनीअर कॉफी सांडत आला. स्लाइड लागली. मावशीला सून आहे.

“ती ओळ काढा,” मी म्हणाले.

“कोणती?”

“सुनेची. ती मला कुणी सांगितली नव्हती. मीच भरली होती.”

“भरली म्हणजे?” दादाने विचारलं.

“चौकोन रिकामा होता, म्हणून भरली.”

“पण बाकीची मावशी खरी आहे ना?” छोटीने विचारलं. तिचा आवाज असा, जणू घरात कुणी गेल्याचं तिच्यापासून लपवून ठेवलंय.

“पाच जणींची मिळून आहे. गुडघे शेजारच्या बाईंचे. मांजर तुझं आहे.”

इंजिनीअर हसला. मग म्हणाला, “मला तर वाटायचं, ताई, तुम्ही माझ्या आईला भेटला होतात.”

दादा चिडला नाही, ते जास्त लागलं. त्याने लॅपटॉप हळूच मिटला. “चार वर्षं आपण हे कार्ड दाखवतोय. मागच्या महिन्यात दुसऱ्या कामासाठीसुद्धा दाखवलं. आता मी रुग्णालयाला काय सांगू? आमच्या ताईंचा हात खाजला?”

“सांगा. माझंच नाव सांगा.”

“आणि आज अचानक का आठवलं?”

मी सासूबाईंचं सांगितलं. डावा डोळा, बस, चष्मा, नव्वद सेकंद. सगळे ऐकत होते. संपल्यावर दादा म्हणाला, “वाईट वाटलं ऐकून. खरंच. पण एक विचारू? आधी पाच बायकांवरून ठरवलं, आता एका सासूबाईंवरून ठरवायचं? भिंतीवरची मावशी काढून तुमच्या सासूबाईंना टांगू?”

तो नेमकं बोलला होता. कॉलेजात गेलेला होता तो, पण हे तिथे शिकवत नसावेत. मी म्हणाले, “नाही. मला एक आठवडा द्या. फोन घेणाऱ्या बायांशेजारी जाऊन बसते. कोण फोन करतं आणि ॲप असताना का करतं, तेवढं ऐकते. मग जे निघेल ते.”

“आठवडा देतो. सोबत माणूस मिळणार नाही. आणि ताई, संशोधनाचं काम पुढे छोटी बघेल. हे मला करावंच लागेल.”

“करा,” मी म्हणाले. छोटी माझ्याकडे बघत नव्हती.

फोनची खोली तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या यंत्रांना लागून. भिंत सतत थरथरायची. दोन टेबलं, दोन फोन, एक खिडकी जिच्यातून लोकांचे पाय दिसायचे. थोरली बाई वीस वर्षं तिथे होती, धाकटी तीन. मला त्यांनी जास्तीचा हेडफोन दिला आणि पलीकडच्या माणसाला प्रत्येक वेळी सांगितलं, “शेजारी आमच्या एक ताई बसल्यात, ऐकल्या तर चालेल ना?” कुणी नाही म्हणालं नाही. एक आजोबा म्हणाले, “ऐकू द्या, घरात तरी कोण ऐकतंय.” नंबर दिला की त्या माझ्यासाठी एकच प्रश्न विचारायच्या, “ॲपवर का नाही लावला?” मी वहीत उत्तर लिहायची.

सहा दिवसांत चारशे अकरा फोन झाले. मला वाटलं होतं एकटी माणसं निघतील, ज्यांना कुणी नाही अशी. तीही होती. पण निम्म्याहून जास्त जण म्हणाले, घरात माणसं आहेत. ‘मुलगा आहे, पण त्याला विचारलं की तो आधी उसासा टाकतो.’ ‘मुलगी लावून देते, पण मग का जायचंय ते सगळं सांगावं लागतं.’ ‘सून आहे हो. चांगली आहे. दमते.’ हे शेवटचं इतक्यांदा आलं की मी पूर्ण लिहायचं सोडून नुसती रेघ मारायला लागले. चौकोनात मी लिहिलं होतं ते अगदीच खोटं नव्हतं, हे त्यातलं वाईट. सून होती. तिला हाक मारायची नव्हती.

चौथ्या दिवशी चहा पिताना थोरली म्हणाली, “काही माणसं आवाजावरून ओळखू येतात. एक डाव्या डोळ्याच्या आजी आहेत. दर वेळी मलाच विचारतात, जेवलीस का.”

मी बिस्किटांचा पुडा तिच्याकडे सरकवला.

“त्यांची सून मोठ्या कंपनीत आहे म्हणे. कॉम्प्युटरवर काहीतरी अवघड करते. फार कौतुक सांगतात. मी म्हटलं, आजी, मग तिलाच सांगा की नंबर लावायला. तर म्हणतात, अगं, ती दिवसभर लोकांचंच करते.” तिने बिस्किट बुडवलं. “अशा सुना असतात, तुम्हाला सांगते. बाहेर उजेड, घरात अंधार.”

“असतात,” मी म्हणाले.

आठवडा संपल्यावर मी वही टेबलावर ठेवली. दादाने रेघा मोजल्या, पानं उलटली, दोनदा मागे जाऊन वाचलं. रुग्णालयाशी त्याचं बोलणं तीन दिवस चाललं. माझं नाव त्याने सांगितलं की नाही, मी विचारलं नाही. शेवटी ठरलं ते असं: फोन बंद होणार नाही. सकाळी नऊ ते एक चालू, दुपारी बंद. एकच बाई राहील. नव्वद सेकंदांची पाच मिनिटं झाली. थोरली राहिली, धाकटीला जुन्या कागदपत्रांच्या खोलीत पाठवलं. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं ताई, इथे निदान भिंत हलत नाही.” बरं झालेलं नव्हतं.

मावशी भिंतीवरून उतरली. छोटीने नवीन कार्ड केलं. फोटो नाही, वयाच्या जागी ‘साठ ते नव्वद’, आणि वाक्याच्या जागी माझ्या वहीतली अकरा वाक्यं बारीक अक्षरांत. खालचा ‘घरात मदत कोण करतं?’ हा चौकोन तिने ठेवला होता. बऱ्याच दिवसांनी ती आपणहून माझ्या टेबलापाशी आली.

“इथे काय लिहू, ताई?”

“काय वाटतं?”

“काहीच लिहिता येत नाहीये.”

“मग नको लिहू.”

“विचित्र दिसेल.”

“दिसू दे.”

तिने कार्ड उचललं. “मांजर मी खरंच मनातून घातलं होतं,” म्हणाली आणि गेली.

सासूबाईंच्या नंबरच्या मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. सासूबाई चप्पल घालत होत्या, मी शेजारी उभी राहून माझी घालायला लागले.

“तू कुठे?”

“तुमच्याबरोबर.”

“काय करणारेस तिथे?”

“बसेन.”

“एवढ्यासाठी रजा?” त्यांनी मला खालून वर बघितलं. नको म्हणतील असं वाटलं. पण म्हणाल्या, “पाण्याची बाटली घे. तिथलं कोमट असतं.”

नर्सने त्यांच्या डाव्या डोळ्यात थेंब घातले आणि सांगितलं, बाहुली मोठी व्हायला पाऊण तास लागेल, डोळे मिटून बसा. बाक लांबलचक होता, खिडकीतून ऊन आमच्या पायांवर येत होतं. भिंतीवर आमच्या ॲपची जाहिरात होती, एक बोट आणि एक मोठं बटण. सासूबाई डोळे मिटून बसल्या. मी त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं म्हणून ताठ बसले. पहिली दहा मिनिटं बसले असेन.

पुढचं मला आठवतं ते त्यांच्या खांद्याच्या कापडाचा वास, आणि माझ्या गुडघ्यावर कुणीतरी हळू थोपटतंय ते.

“उठ गं,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. नंबर त्यांनी कानांनी मोजले होते. “आपला पुढचा आहे.”